पझल सुटतात, डावात दिसत नाही

बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर रोज पझल (एक पोझिशन देतात, त्यातली सर्वांत चांगली चाल शोधायची) सोडवत राहिलं की डावपेचांचे पॅटर्न आपोआप दिसायला लागतात असं एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. पझल समोर आलं म्हणजे इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं, थीम (डावपेचाचा प्रकार) निवडून सोडवलं तर काय आहे तेही, डावात कोण सांगणार? ठाण्याला आमच्या सोसायटीतल्या पोरांना शिकवताना (क्लब हाऊस मोकळं मिळालं तर, नाहीतर पार्किंगमध्ये) मी आधी रंग बघायला लावतो. पांढऱ्या घरातला घोडा फक्त काळ्या घरांवर मारा करतो आणि काळ्यातला पांढऱ्या, म्हणजे घोड्याच्या फोर्कमध्ये (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर मारा) सापडणारी दोन्ही मोहरी एकाच रंगाच्या घरात असणार. काळ्याचा राजा ई8 वर (ई हा उभा स्तंभ, 8 ही आडवी ओळ) नि हत्ती ए8 वर, दोन्ही पांढरी घरं, म्हणून तर सी7 वर घोडा बसला की राजाला शह बसून हत्ती जातो. राजा ई8 वर आणि वजीर डी8 वर काळ्या घरात असेपर्यंत राजा-वजीर एका घोड्यात सापडूच शकत नाहीत.

आणि एक, पझलमध्ये चाल कायम आपलीच असते. म्हणून पोरांना तीच पोझिशन बोर्ड फिरवून, म्हणजे समोरच्याच्या बाजूने, देतो आणि विचारतो, आता धोका कुठून आहे ते सांग. तिथे भलेभले अडकतात.