आई-बाबांना घेऊन मोरेलोस (मेक्सिको), मे महिन्यातला शनिवार-रविवार : सल्ला हवा

पाटणची_पोर
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचा मुक्काम सध्या मेक्सिको सिटीत आहे. आई-बाबा पाटणहून आलेत, पण इथे २२४० मीटर उंचीवर सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. बाबांचं म्हणणं, मे महिन्यात घाम येत नसेल तर काहीतरी बिघडलंय! म्हणून दोन रात्रींसाठी कुठेतरी उबदार जागी जायचंय. अकापुल्को लांब पडतं. मोरेलोस राज्य छोटं आणि जवळ, म्हणून तेच डोक्यात आहे. बाबांचे गुडघे दुखतात, आई अंडंही खात नाही आणि लेकीला फक्त पाण्यात डुंबायचंय. तेपोस्तलानला राहावं की क्वेर्नावाकाला?

उनाडपाऊल
तेपोस्तलान! डोळे झाकून. सगळीकडे उभे कडे, गाव त्यांच्या कुशीत आणि वर डोंगरावर तेपोस्तेकोचं छोटं देवालय. पुल्के म्हणजे घायपातीच्या रसाची ताडीसारखी दारू, तिच्या देवाचं. चढायला तासभर लागतो. रविवारचा बाजार चुकवू नका.

निवडुंग
उनाडपाऊल, गुडघे वाचले नाहीत का? ती चढण म्हणजे नुसत्या ओबडधोबड दगडी पायऱ्या, मधे बसायला धड जागा नाही. शिवाय शनिवार-रविवारी तेपोस्तलानच्या मुख्य रस्त्यावर अख्खी मेक्सिको सिटी हातात बिअरचे मोठाले ग्लास घेऊन उतरलेली असते.

मी क्वेर्नावाकातच संशोधनासाठी राहतो, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी समजा. पण आई-बाबा बरोबर असतील तर मुक्काम इथेच करा. शहर साधारण १५०० मीटरवर आहे, म्हणजे घाट उतरलात की सातशे मीटर खाली आणि स्वेटर बॅगेत. मे महिन्यात दुपारी तीसच्या वर जातं, रात्री पंखा पुरतो. 'चिरवसंताचं शहर' ही बिरुदावली मात्र एप्रिल-मे सोडून बाकीच्या महिन्यांना जास्त शोभते. बागवाला, पोहण्याचा तलाव असलेला वाडा-हॉटेल बघा. तशी इथे बरीच आहेत.

पहिल्या दिवशी कोर्तेसचा राजवाडा. मेक्सिको जिंकणाऱ्या या स्पॅनिश सेनापतीने तो १५२०च्या दशकात बांधायला घेतला. २०१७च्या भूकंपात त्याची बरीच पडझड झाली होती, दुरुस्तीनंतर आता पुन्हा उघडलाय. तिथल्या गच्चीत मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने १९३०मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. स्पॅनिश आक्रमणापासून सुरुवात होते आणि मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता झापाता याच्यापाशी संपतात. मधे उसाच्या मळ्यावर राबणारी माणसं आहेत आणि मुकादम घोड्यावर. पाटणच्या माणसाला ऊस समजावून सांगावा लागणार नाही. झापाता याच मातीतला, आणि त्याचं भांडण मुळात उसाच्या हासिएंदांनी (जमीनदारांच्या मोठ्या मळ्यांनी) गिळलेल्या गावांच्या जमिनीवरून होतं.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. रविवारी मेक्सिकोतल्या रहिवाशांना सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं फुकट, रहिवासी कार्ड मात्र जवळ ठेवा. आई-बाबांचं तिकीट काढावं लागेल.

पापडीची_लिलीबाय
राजवाड्यापासून चालत जाता येईल असं कॅथेड्रल आहे, ते सोडू नका. मी वसईची, म्हणून जरा जास्तच सांगते. आतल्या लांबच्या लांब भिंतींवर १५९७मध्ये नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांची मिरवणूक रंगवलेली आहे. गाड्यांतून नेतायत, होड्यांतून नेतायत. वरचा चुन्याचा थर काढताना विसाव्या शतकात ही चित्रं सापडली. त्या सव्वीस जणांत मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस होते, म्हणून ती इथे. पण त्यांच्यातच आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सियाही होते! १८६२मध्ये संतपद मिळालं. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. क्वेर्नावाकात उभं राहून वसईच्या माणसाला शोधायचं, एवढ्यासाठी मी तिथे गेले होते. चेहरे ओळखता येत नाहीत, पण तरी बघत बसते माणूस.

पाटणची_पोर
लिलीबाय, हे माहीतच नव्हतं! नक्की जाणार. आणि आईच्या जेवणाचं कसं करू?

ठेचा_आणि_भाकरी
ताई, 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको', एवढ्यावर भागत नाही. चिकन आणि हॅम वेगळे सांगावे लागतात. आणि 'सिन मान्तेका' न विसरता म्हणा, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. ती घेवड्याच्या उसळीत असते, तेपोस्तलानच्या प्रसिद्ध तिकोनी इताकातेच्या (मक्याच्या जाड भाकरीच्या) पिठातही मळलेली असते. भोपळ्याच्या फुलांचा केसादिया (सारण घालून दुमडलेली मक्याची पोळी), भाजलेला नोपाल म्हणजे निवडुंगाचं पान, वालपापडीच्या चुलतभावाचं म्हणजे बाकल्याचं सारण भरलेला त्लाकोयो, हे आईंना आवडेल. निळ्या मक्याचा असेल तर उत्तमच. प्यायला 'हमायका' मागा. आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे ते. 'सेसिना'च्या पाट्या सगळीकडे दिसतील, ते खारवलेलं गोमांस असतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

टेक्सासचा_पांडू
मधेच विचारतो. आम्हाला डॅलसहून यायचंय, भारतीय पासपोर्ट आहे. व्हिसा लागतो का?

निवडुंग
पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. शिक्का संपलेला असेल आणि हातात नुसता मंजुरीचा कागद असेल तर चालत नाही. मेक्सिको सिटीच्या विमानतळावरून क्वेर्नावाकाला थेट बस आहे.

शून्यसावली
मेच्या मध्यावर जाताय आणि सोचिकाल्कोचं नाव कुणी काढलं नाही? क्वेर्नावाकाच्या नैर्ऋत्येला तासाभरावर, इ.स. ७०० ते ९००च्या काळातलं नगर, १९९९पासून जागतिक वारशात. पिसांच्या नागाचं देऊळ तर आहेच, पण खरी गंमत एका गुहेत आहे. छतातून वर काढलेला एक उभा झरोका आहे. एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी त्यातून ऊन आत उतरतं. १४-१५ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि झोत सरळ खाली पडतो. हे ठिकाण आपल्या पुणे-मुंबईच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे बाबांनी पाटणला शून्य सावलीचा दिवस पाहिला असेल तर लगेच कळेल. गुहेत कधी सोडतात ते दारावरच विचारा. सावली जवळपास नाही, टोप्या घ्या. चढउतार आहे, पण तेपोस्तेकोसारखा नाही. बाबांना हळूहळू जमेल.

पाटणची_पोर
मग असं ठरवते : शुक्रवारी संध्याकाळी निघून क्वेर्नावाका, शनिवारी सकाळी सोचिकाल्को, दुपारनंतर कॅथेड्रल आणि राजवाडा, रविवारी तेपोस्तलानचा बाजार आणि जमलं तर लास एस्ताकास?

निवडुंग
रविवारी दोन्ही नको. ती दोन्ही ठिकाणं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना आहेत. लेकीसाठी लास एस्ताकास ठेवा. झऱ्यातून उगम पावलेली नितळ नदी आहे, लाइफ जॅकेट घालून प्रवाहाबरोबर वाहत जायचं. दार उघडतानाच पोहोचा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. तेपोस्तलान आई-बाबा असेपर्यंत एखाद्या बुधवारी करा, बुधवारीही बाजार भरतो.

शुक्रवारी संध्याकाळी निघूच नका, त्लाल्पानच्या टोलनाक्यावर रांगेत बसाल. सुट्टी मिळत असेल तर दुपारी दोनच्या आत निघा, नाहीतर शनिवारी पहाटे. टोलचाच रस्ता धरा आणि अंधार पडायच्या आत पोहोचा, या राज्यात रात्रीचं भटकणं टाळलेलं बरं. वाटेत त्रेस मारियासला केसादिया खायला थांबलात तर आई-बाबांचे स्वेटर हाताशी ठेवा, तिथे मेक्सिको सिटीहूनही गार असतं. आणि हॉटेलात सकाळी बूट झटकूनच घाला. उन्हाळ्यात इथे विंचू निघतात.