सत्ता गेल्यावर परत यायला वाट असते का?

गोदाकाठचा:
राजेशाहीत सत्ता गेली की माणूसही संपतो, घटनेत फक्त खुर्ची जाते असं माझं मत. आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं बघा. 1768 मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी धोडपच्या किल्ल्यापाशी राघोबादादांचा पराभव केला आणि सख्ख्या काकाला शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. पाच वर्षांनी त्याच वाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ, पेशवे नारायणरावांचा खून झाला. याउलट 17 एप्रिल 1999 ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, 269 विरुद्ध 270. काळजीवाहू म्हणून तेच राहिले, आणि ऑक्टोबरात निवडून येऊन पुन्हा शपथ घेतली.

सातपूरकर:
साहेब, गोष्ट अर्धीच सांगितलीत. नारायणरावांनंतर पेशवे झालेल्या दादांना खून पचला का? दादा मोहिमेवर असतानाच सखारामबापू, नाना फडणवीस वगैरे बारभाईंनी पुण्यात कारभार हातात घेतला. मग नारायणरावांच्या अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलासाठी, सवाई माधवरावांसाठी, साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणली. म्हणजे पाठिंबा काढला की तेव्हाही सत्ता जायचीच. तेव्हा सरदार मोजायचे, आता आमदार.

गोदाकाठचा:
आणि मग दादा गेले कुठे? इंग्रजांकडे! 1775 चा सुरतेचा तह, साष्टी-वसई देऊ केली, आणि सालबाईच्या तहापर्यंत सात वर्षं लढाया. हरलेल्याला पाच वर्षांनी मतं मागायची सोय नव्हती, म्हणून परक्याची फौज आणावी लागली. मी म्हणतोय ते हेच.

देवळाली_कॅम्प:
1975 सोयीस्कर विसरलात. 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, 25 ला आणीबाणी. कलम 352 घटनेतलंच ना? विरोधक तुरुंगातच गेले, आपापल्या घरी नाही.

पंचवटीवाली:
गेले, मान्य. पण 1977 ला मतदान झालं, बाई स्वतः रायबरेलीत पडल्या आणि 1980 ला परत पंतप्रधान झाल्या. मधल्या काळात 44 व्या दुरुस्तीने 352 मधली 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातला. राजाच्या हातातलं हत्यार असं कोण बोथट करणार?
मला खटकतं ते वेगळंच. पक्षांतरबंदी 1985 ची. एक तृतीयांश आमदार-खासदार एकत्र फुटले तर चालायचं, ती पळवाट 2003 ला बुजवली, पण अपात्रतेचा निर्णय अजून सभागृहाच्या अध्यक्षांकडेच, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचाच. हे म्हणजे पंचांनीच एका संघाची जर्सी घालून उभं राहायचं.

सातपूरकर:
आता बोललात ताई. शिवसेनेच्या फुटीवरचा मे 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं चूक होतं, पण ठाकऱ्यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे सरकार परत आणता येत नाही. चूक कबूल, भरपाई शून्य. घटनेत वाट असते म्हणता, ती कुठे गेली?

गोदाकाठचा:
राजीनामा द्यायला लावला कुणी? सभागृहात मतदान होऊ द्यायचं होतं. वाजपेयींनी होऊ दिलंच ना, 270 मतं विरोधात पडेपर्यंत.

सातपूरकर:
वाजपेयींच्या वेळी स्वतःचे खासदार गुवाहाटीच्या हॉटेलात नव्हते, साहेब.