व्हिक्टोरियन कोट रोज घालावा का? (आणि शिवून कुठून घ्यावा)

लीड्सकर
गेली चार वर्षं मी इथे लीड्सला हापिसात आठवड्यातून दोनदा व्हिक्टोरियन पद्धतीचे कपडे घालून जातो. उंच कमरेची विजार, गॅलिस (विजार धरणारे खांद्यावरचे पट्टे), जाकीट, सुटी कडक कॉलर आणि थंडीत गुडघ्यापर्यंत येणारा, कमरेला आडवी शिवण असलेला फ्रॉक कोट. लोक आधी बघायचे, आता बघत नाहीत. फोटो सोबत टाकलाय.

माझं म्हणणं एवढंच की व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ मधल्या पुरुषांचे हे कपडे आजही रोज घालता येतात. फक्त कॉस्च्युमच्या दुकानातून घेऊ नका. तिथला फ्रॉक कोट पॉलिएस्टरचा असतो, जाकिटाला पाठ नसते आणि खिसे नुसते शिवलेल्या रेघा. माझी विजार बेंबीच्या वर येते, मागे माशाच्या शेपटीसारखी दुभंगते आणि गॅलिसवर टांगलेली राहते. पट्टाच नाही, त्यामुळे जेवल्यावर काही आवळत नाही. पोट सुटलेल्यांनी या मुद्द्यावर विचार करावा.

कॉलरची गंमत वेगळी. ती शर्टाला मागे एक, पुढे एक अशा दोन स्टडांनी, म्हणजे सुट्या बटणांनी, अडकवायची. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं गेली, ट्रेन चुकली. मग कळलं की मागचा स्टड शर्ट अंगात घालण्याआधीच लावायचा आणि टाय कॉलरच्या घडीत आधीच सरकवून ठेवायचा. स्टार्चचा स्प्रे कुचकामी निघाला. शेवटी आईने फोनवर सांगितलं, "अरे, साबुदाण्याची खळ कर." आता कॉलर फळीसारखी उभी राहते. दुपारपर्यंत मानेवर लाल वळ उठतो, हेही कबूल करतो.

पेठेतला_पोरगा
शिवण वगैरे ठीक आहे, पण ज्या राणीचं नाव घेताय तिला १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून कैसर-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, म्हणून जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये लोक दुष्काळाने मरत होते. आपल्याच दख्खनमध्ये. त्या काळाचा कोट हौसेने अंगावर चढवायचा म्हणजे मला कसंसंच होतं. आणि पांढराशुभ्र शर्ट? अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस ओढला. मुंबईचा शेअरबाजार फुगला, मग १८६५ मध्ये यादवी संपली आणि तो बुडाला.

त्याच दिल्ली दरबाराला आपले सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. तेही व्हिक्टोरियन काळातल्या पुरुषाचे कपडेच की! घालायचेच तर ते घाला.

लीड्सकर
सार्वजनिक काकांचा मुद्दा लागला. खरंच.
पण मला सांगा, तुम्ही कामावर काय घालता? शर्ट, पँट, कधी सूट? तो आखूड साधा सूट १८६० च्या सुमारास सुटीत, गावाकडे घालायचा सैल पोशाख म्हणून पुढे आला. म्हणजे तुम्हीही त्याच राणीच्या राज्यातलं घालताय, फक्त घरगुती आवृत्ती. मी आहे ते नाव घेऊन घालतो इतकंच.

पेठेतला_पोरगा
सवयीने घालणं आणि मिरवायला घालणं यात फरक आहे. मी पँट घालून आरशात फोटो काढत नाही.

जुनी_वही
मिरवण्यावरून आठवलं. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मुंबईहून शिवून नेलेले कपडे तिथल्या समाजात शोभायचे नाहीत असं त्यांना वाटलं. मग आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले, उंच टोपीला १९ शिलिंग मोजले, बाँड स्ट्रीटला संध्याकाळच्या सूटावर १० पौंड उडवले आणि भावाकडून सोन्याची दुपदरी घड्याळसाखळी मागवली. रोज दहा मिनिटं आरशापुढे जात. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि लाजूनच लिहिलंय. लीड्सकर, तुमचा आतापर्यंत किती खर्च झाला?

लीड्सकर
विचारू नका. बायको पण वाचते इथे.

काळा_कोट
मी नागपूरचा वकील. तुम्ही आठवड्यातून दोनदा हौसेने घालता, आम्ही पोटासाठी. काळा कोट, पांढरी कॉलर, बँड (गळ्याशी लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या). उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नाही, हायकोर्टात मात्र ही सवलत नाही. मे महिन्यात गळ्याशी बँड बांधून पार्किंगपासून इमारतीपर्यंत चालून दाखवा, मग हा धागा पुन्हा काढा. विलायती हवेचे कपडे विलायतेतच बरे.

शिवणयंत्र
मुद्द्याचं कोणी बोलतच नाहीये. तुम्ही टाकलेला फोटो बघितला. कोट वाईट नाही, पण कमरेची शिवण दीड इंच खाली आलीय, म्हणून घेर कुल्ल्यांवर लोंबतोय. छातीला आत भर नाही. आणि विजारीला पुढे कडक इस्त्रीची धार? ती शेवटच्या दशकात रुळली. १८७० चा फ्रॉक कोट आणि १८९५ ची धार, असं धेडगुजरी झालंय. कापडही हलकं दिसतंय. तेव्हाचं लोकरी कापड आजच्या सूटाच्या कापडाहून पुष्कळ जड असायचं, कोट त्या वजनानेच सरळ पडतो. ओव्हरकोटाचं कापड घेऊन बघा. आणि शिवायला सूटवाल्या शिंप्याकडे जाऊ नका, चांगल्या शेरवानीवाल्याकडे जा. अंगासरशी छाती आणि खाली घेर, हे त्याच्या हाताला माहीत असतं.

लीड्सकर
ताई, इस्त्रीची धार आजच पाण्याने मोडतो.
शेरवानीवाल्याचं खरंय. मागच्या सुटीत पुण्यात एकाकडे विजार आणि कोट दोन्ही टाकले होते. कोट त्याने एका फिटिंगमध्ये समजून घेतला, शिवण खाली आली ती मी मापं चुकीची दिली म्हणून. भांडण झालं ते विजारीवरून. तीनदा सांगितलं, काका, पट्ट्याची लुप्स नकोत. आणायला गेलो तर सात लुप्स. म्हणे, "साहेब, उद्या गॅलिस तुटलं तर विजार कोण धरणार?" घरी येऊन ब्लेडने उसवली. भोकं अजून दिसतात.

कॉलर आणि स्टड इंग्लंडमध्ये अजून नवे मिळतात, ससेक्समधल्या लुइस गावच्या डार्सी क्लोदिंगकडे. खऱ्या रेशमी टॉपहॅटच्या, म्हणजे त्या उंच नळकांडी टोपीच्या, मात्र नादी लागू नका. तो रेशमी प्लश, म्हणजे तिचं मखमलीसारखं कापड, आता कुठे विणत नाहीत, आणि जुन्या टोप्या आपल्या डोक्यावर नारळावर वाटी ठेवावी तशा बसतात. मी बोलर, म्हणजे कडक गोल टोपी, घालतो. पेठेतल्या पोराला सांगतो, १८४९ मध्ये ती पहिल्यांदा बनवली ती लॉर्ड लोकांसाठी नव्हे. शिकारीच्या रानात राखण करणाऱ्या नोकरांची डोकी फांद्यांना आपटायची, त्यांच्यासाठी.

पेठेतला_पोरगा
रान लॉर्डाचंच ना?

लीड्सकर
हो, लॉर्डाचंच.

काळा_कोट
बाकी चालू द्या. ते खळीचं प्रमाण तेवढं टाका. आमच्या बँडला धोबी जेवढी घालतो ती अकरा वाजेपर्यंत घामात विरघळते.

लीड्सकर
वाटीभर पाण्याला दोन चमचे साबुदाणा, रात्रभर भिजवून. मंद आचेवर काचेसारखा होईपर्यंत ढवळा, फडक्यातून गाळा. कोमट असतानाच कापड बुडवून पिळा. पूर्ण वाळू देऊ नका, दमट असतानाच कडक इस्त्री, आधी उलट्या बाजूने. पहिल्या खेपेला इस्त्रीला चिकटेल. माझी पण चिकटली होती.