पार्ट आहे, पण विकणार नाही: ह्याला मक्तेदारी म्हणायचं का?

वारजे_गॅरेजवाला:
गिऱ्हाईकाच्या गाडीचं एबीएस मॉड्यूल (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं युनिट) गेलंय. माझा स्कॅनर फॉल्ट दाखवतो, पण नवीन मॉड्यूलला कोडिंग लागतं आणि ते सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे. काउंटरवर गेलो तर म्हणे, "नुसता पार्ट देत नाही, गाडी घेऊन या." म्हणजे वारज्यातून बाणेरला टोचन करा, वर त्यांची मजुरी. बाजारात गाड्यांच्या कंपन्या ढीगभर आहेत, मग मक्तेदारी कशी म्हणणार? का नुसतं चरफडत बसायचं?

नाना_पेठ_स्पेअर्स:
भाऊ, गाडी घेईपर्यंत दहा शोरूम, घेतल्यावर एकच दुकान. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल त्या गाडीला चालणार आहे का? ह्याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला. आपापल्या ब्रँडच्या सुट्या भागांत प्रत्येक कंपनीचंच राज्य आहे, असं आयोगाने धरलं. मोठं असणं गुन्हा नाही. त्या जोरावर बाहेरच्या गॅरेजला पार्ट आणि डायग्नोस्टिक टूल नाकारलं की स्पर्धा कायद्याचं कलम ४, म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, लागतं. आमच्या पेठेत पेढे वाटायचेच बाकी होते!

कोथरूडचा_वकील:
नाही वाटले तेच बरं. कंपन्या अपिलात गेल्या. त्यांतल्या तिघांच्या बाबतीत २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने दोष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीऐवजी फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर लावला. रक्कम बरीच उतरली.
गॅरेजवाले, तुम्ही पार्ट नंबर घालून कंपनीला मेल करा. नकार लेखी हवा, काउंटरवरच्या बोलण्याला आयोगापुढे किंमत नाही. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तरच चौकशी महासंचालकांकडे, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर माहिती (म्हणजे तक्रार) दाखल करायला ३ वर्षांची मुदत आहे. ह्यातून तुमचं हे मॉड्यूल मात्र मिळणार नाही, तेवढी आशा ठेवू नका.

वारजे_गॅरेजवाला:
मेल आजच टाकतो. आणि बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, असं गिऱ्हाईकांना घाबरवतात त्याचं काय?

कोथरूडचा_वकील:
त्याच आदेशात आहे: बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. तुमच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारता येते. म्हणून जॉबकार्ड नीट लिहीत चला.

नाना_पेठ_स्पेअर्स:
जुन्या मॉड्यूलवरच्या स्टिकरचा फोटो टाक, पेठेत कुणाकडे पडून आहे का बघतो. कोडिंगसाठी बाणेर काही चुकत नाही.