विषय: सेवेसाठी दोन वर्षं बाहेर जायचंय, खरंच मोकळं वाटतं का?

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार मंडळी,
विषय जरा वेगळा आहे, मॉडरेटरांनी चालवून घ्यावा. आमच्या चर्चतर्फे दोन वर्षं परदेशात सेवेला जायची संधी आहे. पगार नाही, राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च, चार-पाच जणांनी एका घरात राहायचं. मी आयटीत, लग्न झालेलं नाही, कर्ज फेडून झालंय. जो तो म्हणतो जा, मोकळं वाटेल, साधं राहिलं की डोकं शांत होतं. मला हे माहितीपत्रकातलं वाटतं. लिस्टवर कोणी जाऊन आलं असेल तर खरं काय ते सांगा. चर्चचं सगळं ऐकावंच लागतं का तेही.

---

प्रेषक: ताई (वाचनालय समिती)

अरे, मी जाऊन आलेय, दोन वर्षं आणि वर चार महिने. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तेव्हा वाच.

कमी कपडे, कमी सामान याची सवय पंधरा दिवसांत होते, त्यात पराक्रम काही नाही, होस्टेलवर राहिलेल्या कोणालाही जमेल. बायबलात येशूने शिष्यांना पाठवताना काय घ्यायचं काय नाही ते सांगितलंय, त्यात मार्क म्हणतो काठी घ्या आणि मत्तय म्हणतो काठीही नको, म्हणजे बॅगेज अलाउन्सचा घोळ तेव्हापासूनच आहे :) खरं अवघड आहे ते लूकच्या दहाव्या अध्यायात, की ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढ्यात येईल ते खा, घरं बदलत फिरू नका. म्हणजे आपली सोय आपण बघायची नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला हे फार जड जातं.

इथे मी प्रोजेक्ट मॅनेजर होते, हाताखाली बावीस माणसं. तिथे मला दवाखान्याच्या स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे मोजायचे, एक्सपायरी बघून जुना माल पुढे आणि नवा मागे लावायचा, बस. भाषा येत नव्हती त्यामुळे पहिले तीन महिने तेही धड जमत नव्हतं, खोक्यावरची नावं मला एका नर्सच्या सात वर्षांच्या मुलीने शिकवली आणि चुकले की ती खदाखदा हसायची.

घरात आम्ही पाच जण. सगळ्यांचा हातखर्च एका पत्र्याच्या डब्यात आणि शेजारी वही. किरकोळ काही असलं तर घ्यायचं आणि लिहायचं, पण ठरलेल्या रकमेच्या वर गेलं की रविवारी रात्री सगळ्यांना विचारायचं. माझे इअरफोन तुटले. नवे घेऊ का म्हणून मी विचारतेय कोणाला तर चोवीस वर्षांच्या पोराला, आणि तो मला म्हणतो, गरज आहे की सवय? मी त्या रात्री रडले. इअरफोनसाठी! पण साताठ महिन्यांनी लक्षात आलं की डोक्यात सारखी चाललेली बेरीज-वजाबाकी, हे घेतलं तर ते राहील, त्याच्याकडे आहे मग आपल्याकडे का नाही, ती कधी थांबली तेच कळलं नाही. जेझुइट व्हॉलंटिअर कोअर म्हणून सेवेला माणसं पाठवणारी एक कॅथलिक संस्था आहे, १९५६ मध्ये अलास्कात सुरू झालं, त्यांची चार मूल्यं आहेत, त्यात साधी राहणी एक आणि समूहात राहणं दुसरं. मला ते बरोबर वाटतं. एकटीने केली असती तर ती नुसती काटकसर झाली असती, आणि काटकसर करताना माणूस पैशाचाच विचार करत असतो.

आता मोकळं कधी वाटलं ते. सहाव्या महिन्यात ऑफिसातून मेल आली, देणगीदारांच्या पत्रकासाठी पेशंट मुलांचे फोटो पाठवा, जखमा नीट दिसतील असे. मी नाही म्हणून कळवलं. एका ओळीत. इथे असते तर तीन दिवस त्या मेलचा ड्राफ्ट करत बसले असते, अप्रेझल जवळ आलंय, अमका दुखावेल, तमक्याला सीसी ठेवू का. तिथे माझ्याकडून काढून घेण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतंच, फार तर परत पाठवलं असतं. हातमोजे मोजण्याच्या पोस्टवरून डिमोशन कुठे करणार?

डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कला कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली, त्यांच्या घरांतून बेघर लोकांना जेवण-निवारा मिळायचा. पुढे शहराने त्यांची एक जागा ताब्यात घेतली, पैसे द्यायला वेळ लावला म्हणून वर व्याज दिलं, तर १९६० मध्ये बाईंनी ते व्याज, ३,५७९ डॉलर ३९ सेंट, परत पाठवून दिलं. पैशावर पैसा कमावणं आम्हाला पटत नाही म्हणून. मला हा विक्षिप्तपणा वाटायचा. आता वाटतं, ज्यांचा उद्याचा स्वयंपाकसुद्धा कोणीतरी आणून दिलेल्या सामानावर चालतो त्यांनाच असला चेक परत करणं जमतं, आपण लगेच रिझर्व्ह फंडात टाकू.

---

प्रेषक: माजी खजिनदार

ताई, पत्र आवडलं पण हिशेब अर्धाच मांडलात. तुमचं घर भाड्याने दिलेलं होतं, मिस्टरांची नोकरी चालू होती. तुमच्या ‘नाही’च्या मागे ठेव होती. जो तिथलाच आहे आणि त्याच दवाखान्याच्या पगारावर जगतो त्याने काय करायचं?

दुसरं, एकाच्या साधेपणाचा भार दुसऱ्यावर पडतो. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा समाज काढला, मोठीच गोष्ट, पण संसार कोणी रेटला ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच सांगून ठेवलंय.

आणि बाळा, तू आधी हे तपास: बिनपगारी सेवेलाही बऱ्याच देशांत वेगळा व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर जाऊ नकोस कोणी कितीही सांगितलं तरी. आजारी पडलास तर विमानाने परत आणायचा खर्च कोणाच्या विम्यात आहे ते लेखी घे. पेन्शनमध्ये दोन वर्षं भरणा बंद राहील, स्वतः भरता येतो का ते विचार.

---

प्रेषक: ताई (वाचनालय समिती)

काका, मान्य. झोंबलं, पण मान्य. आणि तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते, फोटो गेलेच शेवटी. स्टोअरमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला ऑफिसने सांगितलं आणि त्याने काढून दिले, त्याच्या पगारावर घरातली सात माणसं होती. मला पत्रक छापून आल्यावर कळलं. तो आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे. मी नाही म्हटलं तेव्हा हे काम पुढे कोणावर जाईल हा विचारच मला शिवला नव्हता, स्वतःच्या मोकळेपणावर इतकी खूश होते.

चर्चचं ऐकण्याबद्दल. पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेजला सिस्टर्सच्या मठात राहिल्या, १८८३ मध्ये तिथेच बाप्तिस्मा घेतला आणि मग त्याच सिस्टर्सशी पत्रांतून कडाडून भांडल्या, की एका पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. आणि त्याच सिस्टर्सचं लंडनच्या फुलहॅममधलं, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठीचं काम बघून त्या ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या होत्या, हेही खरं. दोन्ही धर. कामाला जा, भांडायची तयारी ठेवून जा.

---

प्रेषक: नवीन सभासद

काका, ताई, दोघांचे आभार. व्हिसाचं उद्याच विचारतो. ताई, एक फालतू प्रश्न, त्या डब्याची किल्ली कोणाकडे असायची?

---

प्रेषक: ताई (वाचनालय समिती)

कुलूपच नव्हतं रे. एकदा पैसे गेले, बऱ्यापैकी. कोणाला काय बोलायचं सुचेना, मग त्या इअरफोनवाल्या पोराने वही ओढली, तारीख घातली, ‘गेले’ असं लिहिलं, पुढे रक्कम लिहिली आणि खाली बेरीज केली.