शेपू दीड महिन्यातच फुलावर आला. उपटू की ठेवू?

वाडीतली माय (वर्धा जिल्हा)

नमस्कार मंडळी. घरामागच्या वाडीत न्हाणीचं पाणी जातं, त्या बाजूला एक वाफा शेपूचा केला. माती काळी, कपाशीचीच. २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून आल्यावर पेरला. किराणा दुकानातून बाळंतशोपा आणल्या होत्या, त्याच टाकल्या. दहाव्या दिवशी उगवण झाली, पण एका जागी गचपण अन् एका जागी टक्कल. म्हणून दाट जागची रोपं उपटून, कांद्यासारखी, मोकळ्या जागी लावली.

आता होळी झाली अन् सगळा वाफा पिवळ्या छत्र्यांनी भरला. भाजी एकदाच झाली, तीही मूठभर. लावलेली रोपं तर वीतभर उंचीवरच फुलली. फुलांच्या दांड्यांवर मावा आहे. तीन झाडं मात्र फुललीच नाहीत, बुडाशी जाड होऊन राहिली.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. तिला घरचा शेपू खाऊ घालायचा होता. हे म्हणतात, उपट अन् सांभार (कोथिंबीर) टाक. (यांना शेपूचा ढेकर सोसत नाही, म्हणून सल्ला तोच असणार.)

कोरडवाहू

ताई, चूक मातीची नाही, तारखेची आहे. शेपू थंडीचा गडी. दसऱ्यापासून पेरायचा अन् दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ टाकत डिसेंबरअखेर थांबायचं. दिवस मोठा झाला, ऊन तापलं की तो पानं सोडून फुलाच्या मागे लागतो. आपल्याकडे फेब्रुवारीतच दुपार तापते.

दुसरं, शेपूचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. उपटून लावलं की ते दुखावतं, अन् झाड घाबरून लवकर फुलतं. कांद्याचा न्याय इथे चालत नाही. पेरतानाच बी राखेत किंवा रेतीत मिसळून टाकायचं, म्हणजे गचपण होत नाही. तरी दाट झालाच तर विरळणी करायची अन् उपटलेलं थेट भाजीत. माती अर्ध्या बोटापेक्षा जास्त नको, काळ्या मातीची खपली धरली तर कोंब वर येत नाही. वर चाळलेलं शेणखत टाका.

आजीचा बटवा

अवं माय, उपटू नको! तुले बाळंतीण घरात हाय नं? मंग तुले भाजी नाई, बीच पायजे. बाळंतशोपा म्हंजे शेपूचंच बी. फुलापासून महिना-सव्वा महिन्यात पिकते, तुह्या लेकीच्या तारखेले बरोबर हाती येईन. छत्र्या साऱ्या एकदम पिकत नाईत, मधली मोठी आधी. तपकिरी दिसली का सकाळी दव असतानाच काप, दुपारी हात लावला तं अर्धं बी मातीत. जुन्या धोतरावर सावलीत उलटं टांगून ठेव. मंग थोडकं भाजून, खोबरं-तीळ अन् चिमूटभर सैंधव घालून डब्यात भर. जेवण झाल्यावर चमचाभर चावाले दे.

माव्याले लय भ्यायचं काम नाई. ठिपकेवाले लाल किडे दिसले तं तेच खाऊन टाकतात.

कोरडवाहू

मावा फारच चढला तर आधी पाण्याची जोरात धार मारा. नाही हटला तर निंबोळी अर्क ५ टक्के, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी. दिवसा नको, फुलांवर मधमाश्या असतात. अन् कपाशीवरचं उरलेलं औषध अजिबात नको, हे बी बाळंतिणीच्या तोंडात जायचं आहे.

गावची आशाताई

शोपा आईने चावायच्या, बाळाला नाही. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, बाकी घुटी नको, पाणीही नको. मी घरोघरी हेच सांगत फिरते अन् प्रत्येक घरात एक तरी आजी माझ्यावर रुसते. बटव्याच्या आजी, तुम्ही रुसू नका.

ताई, त्या न फुललेल्या तीन झाडांची पानं चुरगळून वास घ्या बरं.

वाडीतली माय

घेतला वास. गोड! पानसुपारीच्या तबकातला. सोप आहे ती, बडीशेप. दुकानदाराचा डबा मिसळलेला दिसतो अन् मी चष्मा न लावता पेरलं. शेपूचं बी चपटं, कडेला पातळ पापुद्रा. सोप लांबट, फुगीर. आता डब्यात उरलेलं ताटात पसरून पाहिलं तर दोन्ही निघाले.

वाफा ठेवते. शेंड्याची पाच-सहा कोवळी पानं काल मूगडाळीत टाकली, दहा पाकळ्या लसूण अन् हिरवी मिरची. लेकीने भाकरीसोबत दोनदा घेतली. यांनी पिठलं मागितलं.

सोपेची तीन झाडं कडेला राहू देते, पाणी तसंही जातंच तिकडे.