सहावी ते आठवीच्या मुलांना संदेश देणारे पोस्टर रचायला कसे शिकवावे?

रेषाविहार:
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना चित्रकला शिकवते. एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेच्या तयारीमुळे माझ्या मुलांचा वस्तुचित्राचा आणि नक्षीकामाचा हात चांगला बसला आहे. परंतु 'पाणी वाचवा' किंवा 'झाडे लावा' हा विषय दिला, की जवळजवळ प्रत्येक कागदावर रडणारी पृथ्वी, रोपटे धरलेले दोन तळहात आणि वर रंगीत घोषवाक्य एवढेच उमटते. चित्रे नीटनेटकी असतात, पण ती कोणाला उद्देशून आहेत आणि पाहणाऱ्याने नेमके काय करावे, हे त्यांतून कळत नाही. मुलांनी स्वतः विचार करून संदेश मांडावा, यासाठी सुरुवात कोठून करावी?

अक्षरसेवक:
मी उपयोजित कलेच्या क्षेत्रात काम करतो. माझ्या मते अडचण मुलांच्या कल्पनाशक्तीत नसून विषयाच्या रुंदीत आहे. 'पाणी वाचवा' हे सर्वांना सांगितलेले असते, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. त्याऐवजी पोस्टर शाळेतील हात धुण्याच्या नळांजवळ लागणार आहे, ते पाचवीची मुले वाचणार आहेत आणि वाचून त्यांनी नळ घट्ट बंद करायचा आहे, इतके आधी ठरवून द्यावे. जागा, वाचक आणि अपेक्षित कृती या तिन्ही गोष्टी मुलांनी एका वाक्यात लिहिल्याशिवाय त्यांच्या हाती रंग देऊ नयेत. त्यानंतर आगपेटीएवढ्या चौकटींत सात-आठ कच्ची रेखाटने करून घ्यावीत. पहिल्या दोन-तीन चौकटींत पाठ असलेली चित्रे येतात; ती संपली की मूल स्वतः पाहिलेल्या गोष्टींकडे वळते, आणि खरे काम तेथून पुढे सुरू होते.

कागदकाम:
वरील मताशी मी सहमत आहे. त्यात साधनांविषयी थोडी भर घालते. पहिले पोस्टर रंगवून न घेता घोटीव कागद कापून व चिकटवून करून घ्यावे आणि रंग तीनच द्यावेत. कात्रीने बारीक तपशील कापता येत नाहीत, त्यामुळे आकार आपोआप सोपा होतो. शिवाय चिकटवण्यापूर्वी तुकडे हलवून पाहता येतात, आणि रचना म्हणजे काय हे मुलांना त्या हलवण्यातूनच समजते. पिवळ्यावर काळे लांबून स्पष्ट दिसते, तर पिवळ्यावर पांढरे हरवते, हेही त्यांना प्रत्यक्ष दिसते.

अक्षरांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा असतात आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर सोडले नाही तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. चित्र पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत घोषवाक्य कोंबले, की शेवटची अक्षरे हमखास बारीक होतात. म्हणून शब्दही वेगळ्या पट्ट्यांवर लिहून, कापून, चित्राबरोबरच मांडून पाहावेत. शब्द चार-पाचच असावेत, म्हणजे ती अक्षरे मोठी काढता येतात.

जुनाफळा:
एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. ठरावीक प्रतीकांना सरसकट मनाई करू नये, कारण प्रतीक सर्वांना आधीच ठाऊक असते म्हणूनच ते चटकन पोहोचते. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केले. त्यात गांधीजींचा चेहरा नाही, झाडू नाही, कचराही नाही. केवळ चष्मा आहे. तो पाहताच गांधीजी आठवतात, आणि ते आपल्याकडे पाहत आहेत असेही वाटते. एका वस्तूने दोन अर्थ कसे पेलले, यावर वर्गात एक पूर्ण तासिका चर्चा होऊ शकते.

त्यासोबत जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचे 1924 चे युद्धविरोधी पोस्टर दाखवावे. त्यात बंदुका किंवा प्रेते नाहीत. एक हात उंच उभारून शपथ घेणारी तरुण व्यक्ती आणि हाताने लिहिलेले मोजके शब्द आहेत. संकटाचे चित्र न काढताही संदेश तीव्र करता येतो, हे या वयाच्या मुलांना नक्की उमगते. रडणारी पृथ्वी काढणाऱ्या मुलालाही मग एवढेच विचारावे, की ही पृथ्वी आपल्या गावच्या ओढ्याविषयी काय सांगते?

रेषाविहार:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या सत्रात नळांजवळच्या पोस्टरपासूनच सुरुवात करीन. एक शंका उरते: गुण कशाला द्यावेत? ज्याचा हात सफाईदार नाही, पण विचार नेमका आहे, अशा मुलावर अन्याय होऊ नये असे फार वाटते.

अक्षरसेवक:
सफाईला गुण असावेत, पण थोडे. अधिक गुण पोस्टर पोहोचले की नाही यावर द्यावेत, आणि तो निर्णय आपण एकट्याने करू नये. दुसऱ्या वर्गातील मुलांना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून काही क्षण दाखवावे, झाकावे आणि 'हे कोणाला, काय करायला सांगते?' याचे उत्तर लिहून घ्यावे. ती उत्तरे पोस्टर करणाऱ्या मुलाने सुरुवातीला लिहिलेल्या वाक्याशी ताडून पाहावीत. जुळत नसतील तर गुण लगेच देऊ नयेत. उत्तरे त्याच्या हाती देऊन दुसरा खर्डा करण्याची संधी द्यावी आणि दोन्ही खर्डे शेजारी ठेवून मगच मूल्यमापन करावे. कागदी तुकड्यांची रचना असेल, तर हा बदल एका तासिकेत सहज होतो.